खुकरीचा कप्तान



डिसेंबर उजाडला की आपल्या डोक्यात तोडीशिवाय दुसरे काही राहत नाही. टोळी कुठे अडली, ट्रॅक्टर गव्हाणीसमोर किती तास उभा, चिठ्ठी कधी मिळणार, एवढेच. पण याच महिन्यात ४ तारखेला नौदल दिन येतो, ७ तारखेला ध्वजदिन येतो, आणि ९ तारीख तशीच निघून जाते. मागे गुजरातच्या सहलीला गेलेल्या एका सभासदाने गट ऑफिसात मला विचारले, "साहेब, दीवला टेकडीवर काचेत ठेवलेलं जहाज बघितलं, ते कुणाचं?" त्याला तेव्हा घाईत दोन शब्दांत सांगितले. आज सवडीने लिहितो.

ते जहाज 'खुकरी'. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, बांगलादेशच्या युद्धात, ते दीवपुढच्या समुद्रात बुडाले. त्याचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला. आडनावावरून आपल्याकडे गैरसमज होतो म्हणून सांगतो, घराणे काश्मिरी पंडितांचे, उत्तर प्रदेशात स्थायिक झालेले. जन्म १५ मे १९२६ चा, गोरखपूरचा. म्हणजे मुलुख उसाचाच. १९४८ साली ते नौदलात अधिकारी झाले. घरी पत्नी सुधा आणि दोन मुली. त्या रात्री वय ४५. हे लिहिणाराही त्याच वयाच्या आसपास आहे, म्हणून तो आकडा मनातून हलत नाही.

आता त्या रात्री काय झाले ते. पाकिस्तानची 'हंगोर' नावाची पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ फिरत होती. तिला हुडकून मारायला 'खुकरी' आणि 'किरपाण' ही दोन जहाजे मुंबईहून धाडली. पाणबुडी फ्रान्सची, नव्या बनावटीची. आपली जहाजे विलायतेची, १९५० नंतरच्या दशकातली. पाण्याखाली डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकावे लागते. जहाजातून आवाज सोडायचा, तो पाणबुडीवर आपटून माघारी आला की ती कुठे आहे ते कळते. विहिरीत हाक मारल्यावर आवाज फिरून येतो, तसाच प्रकार. पण जहाज जोरात पळाले तर त्याच्याच पंख्याचा आवाज कानात बसतो. शिवाय समुद्राचे पाणी वर कोमट आणि खाली गार असले की आवाज वाकतो, आणि पाणबुडी त्या थराखाली निवांत बसते. खुकरीवर या यंत्राची ऐकण्याची ताकद वाढवायचा एक प्रयोग चालू होता, त्यासाठी जहाज हळू चालवावे लागत होते. पाणबुडीला मात्र जहाजांचा सुगावा आधीच लागलेला होता.

रात्री पावणेनऊच्या सुमारास पहिला टॉर्पेडो किरपाणवर सुटला, तो फुकट गेला. दुसरा खुकरीला लागला. जहाज काही मिनिटांतच बुडाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेले जगातले हे पहिले लढाऊ जहाज. जहाज हळू चालवणे बरोबर होते का चूक, यावर नौदलातल्या जाणत्यांत अजून वाद होतात. त्यात आपण पडू नये. हत्यार जुने आहे हे ठाऊक असूनही माणसे त्या पाण्यात गेली, एवढे मला दिसते.

कप्तानाने जहाज सोडायचा हुकूम दिला. स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले. पाण्यात पडलेल्यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा ते वरच्या पुलावर, जिथून जहाज चालवतात तिथे, होते आणि हातात सिगारेट होती. जहाजाबरोबर तेही गेले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी, एकूण १९४ माणसे गेली. ६७ जण दुसऱ्या दिवशी 'कच्छल' जहाजाने पाण्यातून काढले. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

ही हकिकत त्या सभासदाला सांगितल्यावर तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण दोन पोरी घरी हुत्या की वो. उडी का नाही मारली?"

प्रश्न रास्त आहे. कप्तानाने बुडत्या जहाजाबरोबर मरावे असा कुठलाही कायदा नाही. ते पोहून वाचले असते तर कोणी बोट दाखवले नसते. पुलावर उभ्या माणसाला पाण्याचा रस्ता मोकळा असतो. अडकतात ती खालच्या मजल्यांवरची, यंत्रांपाशी घाम गाळणारी पोरे. त्यांचेही बाप, बायका, लेकरे कुठे ना कुठे वाट पाहत होती. आपल्या दोन मुली आणि ती खालची पोरे यांत त्या दोन-तीन मिनिटांत त्यांनी कसा हिशेब घातला असेल हे कोणी सांगू शकत नाही. मला एवढेच वाटते, की जो बाप स्वतःचे जाकीट दुसऱ्याच्या पोराला देतो त्याला घरची माया कमी होती असे म्हणता यायचे नाही.

वाचलेल्या लोकांच्या तोंडच्या हकिकती मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ साली पुस्तकात आणल्या. हे कार्डोझो म्हणजे त्याच युद्धात सुरुंगाने पाय चिंधड्या झाल्यावर खुकरी मागून घेऊन स्वतःचा पाय स्वतः कापणारे गुरखा पलटणीचे अधिकारी. खुकरी जहाजाची कहाणी त्यांच्याच हातून लिहिली जावी हा योगायोगच.

मागे राहिलेल्यांचे काय? समुद्रात गेलेल्याची राख मिळत नाही, अस्थी मिळत नाहीत. किती घरांत बरीच वर्षे "येईल कदाचित" असेच चालले असेल. थोरली मुलगी अमिता मुल्ला वट्टल पुढे दिल्लीत शिक्षिका आणि मग नामांकित शाळेची मुख्याध्यापिका झाली. आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी 'खुकरी' नौदलात दाखल झाली, तेव्हा संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्या जोडीला सुधाताई मुल्ला होत्या. ज्या नावाच्या जहाजाने नवरा नेला, त्याच नावाचे नवे जहाज त्या माउलीने समुद्रात सोडले. त्या जहाजाने ३२ वर्षे चाकरी केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते निवृत्त झाले. नंतर तेही दीवलाच पाहायला ठेवायचे ठरले. 

हे सगळे या अंकात लिहायचे कारण आपल्या गावागावांत आहे. आपल्या सभासदांत माजी सैनिक पुष्कळ, आणि नोकरीत असलेल्या जवानांची घरेही पुष्कळ. ऊस नोंदीवर नाव गड्याचे, गडी बोटीवर नाहीतर सरहद्दीवर. लागण, पाणी, खताची उधारी, मुकादमाची मनधरणी सगळे बायकोच्या नाहीतर म्हाताऱ्या आई-बापाच्या गळ्यात. रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजायला उसात एकटी बाई उभी असते, हे मी स्वतः पाहतो. तोड लांबली तर भांडायला ती शेतकी ऑफिसात येत नाही, आणि जो येऊन भांडतो त्याची चिठ्ठी आधी निघते अशी तक्रार आहे. तिच्यात तथ्य आहे.

म्हणून एवढे करावे. ज्या घरचा माणूस सैन्यात, नौदलात वा हवाई दलात नोकरीस आहे त्यांनी त्याचे नाव, उसाचा गट नंबर आणि रजेची तारीख चिटबॉयकडे कागदावर लिहून द्यावी. लागण तारखेचा क्रम मोडता येणार नाही, पण आठ-दहा दिवस इकडे तिकडे करून त्याच्या रजेत तोड बसत असेल तर बसवू. ज्यांचे कोणी नोकरीत असताना गेले आहे आणि शेअर्स अजून त्याच्याच नावावर आहेत, त्यांनी वारस नोंदीचे कागद घेऊन गट ऑफिसात यावे. अर्ज लिहून द्यायला मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी स्वतः बसतो.