घाटाखालची उपासना

मुंबईहून निघालेला रेल्वेचा रूळ 1856 साली खोपोलीला येऊन थांबला. पुढे बोरघाट आडवा होता. दोन वर्षांनी खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी धावू लागली, तरी मधला डोंगर माणसाला पालखीत, तट्टावर नाहीतर पायीच चढावा लागे. घाटातून गाडी जायला 1863चा एप्रिल उजाडला. काम ऐन भरात असताना सुमारे 40 हजार माणसं या कड्यांवर सुरुंग लावत, दगड फोडत होती. पटकी आणि तापाने त्यातली हजारो दगावली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. उरलेलं काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने इंजिनिअरांच्या मदतीने पुरं करून घेतलं.

ख्रिस्ती उपासनेवरच्या लेखात रेल्वे कशाला, असं कोणी विचारेल. रायगडच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी चर्चं बांधली, पण कर्जत-खालापूरच्या आतल्या पट्ट्यात तसा वारसा नव्हता. इकडे ख्रिस्ती माणूस बहुतेक करून पोटामागे आला. आधी रेल्वेच्या नोकरीला, मग माथेरानला, मग कारखान्यांत. त्यामुळे इथली उपासना कधी एका जागी मुरलीच नाही. ती बदलीच्या ऑर्डरीबरोबर, पाळीच्या वेळेबरोबर, भाड्याच्या खोलीबरोबर हलत राहिली. मला तिचं मोल वाटतं ते याच कारणाने.

माथेरान कर्जत तालुक्यातच येतं. 1850मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि पुढच्या काही वर्षांत तिथे साहेबांचे बंगले उभे राहिले. त्याच शतकात सेंट पॉल चर्चही झालं. तिथली प्रार्थना इंग्रजी आणि पुस्तकाबरहुकूम, आणि गर्दी हंगामापुरती. पावसाळा लागला की बंगल्यांना कुलपं लागत. ज्यांच्यासाठी हे चर्च बांधलं ते 1947 नंतर निघून गेले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर काही पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. शतकभर ज्यांच्या उपासनेच्या रीती वेगळ्या होत्या ती माणसं एका मंडळीत आली. प्रार्थनेचं आपलं पुस्तक, आपली चाल, उभं राहायचं की गुडघे टेकायचे हा आपला शिरस्ता, यातलं काहीतरी प्रत्येकाला सोडावं लागलं. वरवर ही किरकोळ बाब वाटते. पण जी आजी साठ वर्षं एकाच शब्दांत पापांची कबुली देत आली, तिच्या जिभेवरचे शब्द बदलले की काही रविवार तिला देव परका वाटतो. हे दुःख खरं असतं आणि पाळकांनी ते हसण्यावारी नेऊ नये.

कॅथलिकांकडे तर त्याच सुमाराला याहून मोठी उलथापालथ झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि शतकानुशतकांची लॅटिन मिस्सा हळूहळू मराठीत आली. वेदीकडे तोंड करून उभे राहणारे फादर लोकांकडे तोंड करून बोलू लागले.

पण पुस्तक आणि इमारत नसतानाही उपासना टिकते, हे पाहायला आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ती ख्रिस्ती लोकांची नाही, बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची आहे. जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. जवळ धर्मग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता. शब्बाथ पाळला, सुंता पाळली, खाण्यापिण्याचे निर्बंध पाळले आणि 'शमा' ही एक प्रार्थना तोंडपाठ ठेवली. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग झालं ते 1796 साली. म्हणजे कित्येक पिढ्या त्यांचं मंदिर होतं ते आठवड्यातला एक दिवस. त्यांच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या सामाईक शास्त्रातही देव एका जागेला बांधलेला दिसत नाही. यरुशलेमचं मंदिर पडण्याआधीच बाबेलला नेलेल्या यहेज्केलाला देवाचं दर्शन खबार नदीच्या काठी, परक्या मुलखात होतं. आणि ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात, विहिरीवर शोमरोनी बाई उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात, असं विचारते तेव्हा येशू दोन्ही जागांच्या पलीकडचं उत्तर देतो.

मराठी उपासनेला जागेपासूनचा हा मोकळेपणा मिळवून दिला तो कवी नारायण वामन टिळकांनी. त्यांचा बाप्तिस्मा 1895च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला. तोवर मिशनच्या चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीतं बरीच होती. अक्षरं मराठी, पण गळ्याला परकी. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं स्वतःच सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनाची रीत जवळ केली. 1917मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत ते गेले. अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. माझ्या मते टिळकांचं सगळ्यात मोठं काम कवितेतलं नाही. टाळ-पेटी घेऊन जमिनीवर बसलेल्या माणसालाही आपण पूर्ण उपासना करतो आहोत हा विश्वास त्यांनी दिला, आणि त्यामुळे चर्चची इमारत नसणं ही उणीव राहिली नाही.

खोपोली-रसायनी पट्ट्यात कारखाने आले तेव्हा हेच कामी आलं. केरळचे, तमिळनाडूचे, नगर-जालन्याकडचे ख्रिस्ती कामगार इथे आले. साप्ताहिक सुट्टी रविवारीच मिळेल असा भरवसा नव्हता. मग कॉलनीतल्या एखाद्या घरी संध्याकाळची सभा होई. अशी सभा आजही होते. दिवाण भिंतीला सरकवतात, सतरंजी अंथरतात, चपला जिन्यापर्यंत जातात. पेटीवर कोणीतरी सूर धरतं, बायका डोक्यावर पदर घेतात. एक वचन वाचलं जातं, मग साक्षी होतात: कोणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, कोणाची कंपनी बंद पडली तरी घर चाललं. कंपनी बंद पडल्याचं सांगणारा माणूस रडतो, तेव्हा शेजारचा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि प्रार्थना सुरू होते. शेवटी चहा आणि चिवडा. वेदी नाही, रंगीत काचा नाहीत. पण त्या खोलीत देव आहे याबद्दल तिथल्या कोणाला शंका नसते.

2020च्या मार्चमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत हीसुद्धा दारं बंद झाली. 27 मार्चला रोममध्ये पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या चौकात एकटे प्रार्थना करत होते आणि जगभरची माणसं ते घरातून पाहत होती. 12 एप्रिलचा ईस्टर मोबाइलच्या पडद्यावर झाला. रेंज नसलेल्या घरात तोही झाला नाही. पडद्यावरच्या उपासनेने दिलासा दिला, हे मान्य करायलाच हवं. तरी काही गोष्टी तिथून पोचत नाहीत. प्रभुभोजनाची भाकर मोबाइलमधून हातात येत नाही. प्रेताला खांदा देता येत नाही. त्या महिन्यांत किती घरांनी आपल्या माणसाला मंडळीच्या गाण्याविना निरोप दिला!

पण त्याच काळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळ्या मंडळीला जे नवं संकट वाटत होतं, ते अर्धांगवायू झालेल्या बाईला, डायलिसिसवरच्या माणसाला, रविवारी नेमकी पहिली पाळी लागणाऱ्या गार्डला आधीपासून ठाऊक होतं. ते कैक वर्षं घरातूनच उपासना करत होते. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करायचो, पण ते आमच्याबरोबर प्रार्थना करत आहेत असं धरत नव्हतो. घरात अडकल्यावर त्यांच्याकडूनच शिकावं लागलं: ठरलेली वेळ मोडायची नाही, एक गीत मोठ्याने म्हणायचं, नावं घेऊन इतरांसाठी मागायचं, आणि उत्तर आलं नाही तरी उद्या पुन्हा बसायचं.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं 16 नोव्हेंबर 2020ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुढच्या एप्रिलमध्ये ती परत बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021ला, घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. बाकं भरली. तरी फोनवरची रात्रीची प्रार्थना बऱ्याच मंडळ्यांनी चालू ठेवली आहे, पाळीवाल्यांसाठी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. मात्र तेवढ्यावर भागवू नये. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी, फादरांनी भाकर घेऊन त्या घरांचे जिने चढावेत. ही काही नवी सोय नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सभेत वाटलेल्या भाकरीतला वाटा सेवक न आलेल्यांना पोचवत, असं त्यात नमूद आहे.