सहा वर्षांपर्यंत पाटी बाजूलाच

इंग्लंडमध्ये घरी शिक्षणाचा विचार मांडणाऱ्या शार्लट मेसन यांचं ‘होम एज्युकेशन’ हे पुस्तक १८८६ साली आलं. सहा वर्षांपर्यंत मुलांना रीतसर धडे नकोत, हवा बरी असेल त्या दिवशी चार ते सहा तास उघड्यावर घालवू द्या, असं त्या सांगतात. आज नर्सरीच्या मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या आईबाबांना हे ऐकून घामच फुटेल!

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत, नंतर कोसबाडला, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं हेच साहित्य झालं. मोजणं, वर्गवारी, रंग, आकार, सगळं त्यातच आलं.

घरी तर याहून सोपं. मटार सोलताना शेंगेतले दाणे मोजायचे, वाळलेले कपडे लहान-मोठे लावायचे, पोळपाटावर वेडीवाकडी पोळी लाटायची. बोटांत अशी ताकद आली की पेन्सिल नीट धरणं सोपं जातं. गोष्ट मात्र रोज हवी, तीच ती मागितली तरी.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी वर्कबुकांचा गठ्ठा मागवणार असाल, तर तूर्त थांबा. आधी अर्धा किलो मटार आणा.