खुडूक कोंबडीखाली पहिल्यांदा अंडी बसवताना

कोंबडीखाली अंडी ठेवली की 21 दिवसांनी पिले निघतात, हे सर्वांना माहीत असते. पण 16 अंड्यांतून चारच पिले निघाली तर दोष कोणाचा? बहुतेक वेळा तो कोंबडीच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात निकालाचा मोठा भाग कोंबडी बसण्याच्या आधीच्या आठवड्यात ठरलेला असतो.

मे महिन्यात एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. एक मावशी म्हणाल्या, "साहेब, पहिल्यांदाच बसवली होती. कोंबडीच नवखी, तिला काही कळलंच नाही. 16 अंडी वाया घालवली." न निघालेली 12 अंडी त्यांनी टाकली नव्हती. आम्ही ती परसात नेऊन एकेक फोडून पाहिली. पाच अंड्यांत जीव धरल्याची खूणच नव्हती, नुसता पातळ झालेला बलक होता. दोन अंड्यांत रक्ताचे बारीक कडे दिसले. तीन अंड्यांत अर्धवट वाढलेली पिले होती आणि दोन अंड्यांत पूर्ण वाढलेली. कोंबडी मात्र 21 दिवस इमानेइतबारे बसली होती.

ही 12 अंडी कशामुळे गेली, हे समजून घेतले तर तुमची पहिली बसवणी बरीचशी सुरक्षित होईल.

कोंबडी खरोखर खुडूक आहे का?

खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते. ती दिवसभरच नव्हे, तर रात्रीही घरट्यातच बसून राहते. जवळ गेल्यास पिसे फुलवते, गुरगुरते, चोच मारते. खाली उतरली की 'खुक् खुक्' असा वेगळा आवाज काढत फिरते. पोटाखालची पिसे विरळ होऊन कातडी उघडी पडते, कारण याच उघड्या कातडीची ऊब अंड्यांना मिळते.

ही लक्षणे दिसली तरी लगेच चांगली अंडी ठेवू नका. दोन दिवस जुनी दोन-तीन अंडी खाली ठेवून पाहा. दोन्ही रात्री ती जागा न सोडता बसली तरच पुढे जा.

गावठी व असील कोंबड्या चांगल्या बसतात. कडकनाथ कोंबडी क्वचितच नीट बसते, म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवतात. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची पिले उबवणी केंद्रातूनच आणावीत.

पाच वांझ अंडी : चूक निवडीत

मावशींनी एकाच कोंबडीने घातलेली अंडी जमवली होती. 16 वा आकडा भरेना, म्हणून दुकानातून दोन आणून टाकली. दुकानातील अंडी पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्यांची असतात. तिथे कोंबडा नसतो, त्यामुळे त्यातून पिलू निघणे शक्यच नाही.

बाकीच्या तीन अंड्यांचे कारण त्यांच्या कळपात सापडले. 20 कोंबड्यांमागे एकच कोंबडा होता, आणि तोही म्हातारा. पिलांसाठी अंडी हवी असतील, तर 8 ते 10 कोंबड्यांमागे एक तरणाबांड कोंबडा ठेवावा.

दोन रक्ताची कडी : शिळी अंडी आणि उन्हाळा

गावठी कोंबडी एका फेरीत साधारण 12 ते 15 अंडी घालते आणि मग खुडूक होते. एवढी अंडी घालायला तिला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे ती बसते, तेव्हा तिचे पहिले अंडे 15 दिवसांहून जुने झालेले असते. आपण 'एकाच कोंबडीची, घरची, ताजी अंडी' म्हणून ठेवतो, त्यातली निम्मी शिळी असतात. अंडे जितके जुने, तितकी त्यातून पिलू निघण्याची शक्यता कमी.

त्यात उन्हाळा असेल तर नुकसान वाढते. पत्र्याच्या खोलीत तापमान 35 अंशांपुढे गेले, की कोंबडी न बसताही अंड्यातील जीव अर्धवट वाढू लागतो आणि कमजोर होऊन मरतो. रक्ताचे कडे ही त्याचीच खूण असते.

यावर उपाय साधा आहे :

- अंडे घातले त्याच दिवशी त्यावर पेन्सिलने तारीख लिहा.
- फक्त 7 दिवसांच्या आतली अंडी बसवा. उन्हाळ्यात 4 ते 5 दिवसांपेक्षा जुने नको. त्याआधीची अंडी खा किंवा विका.
- एका कोंबडीची अंडी पुरत नसतील, तर दोन-तीन चांगल्या कोंबड्यांची त्याच आठवड्यातील अंडी एकत्र करा.
- अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली घ्या. फार लहान, फार मोठी, वेडीवाकडी अंडी नकोत. अंडी धुऊ नका. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो.
- साठवताना निमुळते टोक खाली ठेवा. ओल्या वाळूवर ठेवलेले मातीचे मडके आणि आत कोरडे गवत ही उत्तम जागा. घरातील फ्रीज यासाठी फार थंड असतो.

तीन अर्धवट पिले : मागाहून पडलेली अंडी

मावशींची कोंबडी दाराजवळच्या खुराड्यात बसली होती. ती चारा-पाण्याला उठली, की दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी अंडी घालून जात. ही अंडी आठ-दहा दिवस उशिरा उबू लागली. पहिली पिले निघाल्यावर कोंबडी त्यांना घेऊन उतरली आणि मागची पिले वाढता वाढता थंड पडली.

म्हणून बसवण्याची जागा इतर कोंबड्यांपासून वेगळी, शांत, अंधारी आणि हवेशीर हवी. सर्व अंडी एकाच रात्री ठेवावीत आणि प्रत्येकावर पेन्सिलने फुली करावी. रोज कोंबडी उठली की बिनफुलीचे अंडे काढून घ्यावे.

घरट्यासाठी बांबूची पसरट पाटी किंवा टोपली चालते. तळाशी बोटभर कोरडी माती किंवा राख, त्यावर मऊ पेंढा पसरून मध्ये खोलगट करा. अंडी कडेला घरंगळता कामा नयेत. बसवण्यापूर्वी कोंबडीची पिसे, विशेषतः पंखाखाली, उवा-पिसवांसाठी तपासा. उवा-पिसवांनी हैराण झालेली कोंबडी बसणे सोडून देते. तिला राखेत लोळू द्या. पेंढ्यात थोडा वाळलेला कडुलिंबाचा पाला मिसळा. प्रादुर्भाव जास्त असेल तर पशुवैद्यकाला विचारूनच औषध वापरा.

अंडी किती ठेवायची? कोंबडी बसल्यावर एकही अंडे बाहेर दिसू नये, हे माप. गावठी कोंबडीला 10 ते 12 पुरे. जास्त अंडी ठेवली तर आळीपाळीने सगळीच कडेला येऊन थंड होतात आणि 16 च्या लोभात 12 ची पिलेही जातात.

दोन पूर्ण वाढलेली पिले : नको तितकी मदत

शेवटच्या दोन अंड्यांपैकी एकाला चोचीने टवका पडला होता. नातवाने दया येऊन कवच सोलले. रक्त आले आणि पिलू गेले. दुसऱ्या अंड्याला टवकाही पडला नव्हता. शेवटच्या दोन दिवसांत घरातील सगळे दर तासाला कोंबडी उचलून बघत होते. त्या उघडझाकीत ते गारठले असावे.

टवका पडल्यानंतर पिलू बाहेर यायला 12 ते 24 तास लागू शकतात. या काळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि कवचाखालच्या पडद्यातील रक्त आटत असते. बाहेरून थांबलेले दिसते, पण आत काम चालू असते.

21 दिवसांचे वेळापत्रक

*पहिला दिवस :* अंधार पडल्यावर अंडी ठेवून कोंबडी बसवा. ज्या वारी बसवली, तिसऱ्या आठवड्यात त्याच वारी पिले निघतील. कॅलेंडरवर खूण करा.

*रोज :* कोंबडीला एकदा 15 ते 20 मिनिटे उठू द्या. जवळच ज्वारी, बाजरी किंवा मक्याचे दाणे आणि स्वच्छ पाणी ठेवा. स्वतःहून उठत नसेल तर अलगद उचला, मात्र पंखाखाली अंडे अडकले नाही ना हे आधी पाहा. अंडी फिरवण्याची गरज नाही, कोंबडी ती दिवसातून अनेकदा स्वतः फिरवते.

*सातवा दिवस :* रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. आरपार स्वच्छ दिसणारे किंवा रक्ताचे कडे असलेले अंडे काढा. सडके अंडे फुटले तर बाकीची अंडीही खराब होतात.

*चौदावा दिवस :* पुन्हा तपासा. हवेची पोकळी सोडून बाकी अंडे गडद दिसले पाहिजे.

*अठराव्या दिवसापासून :* हात लावू नका. कोरड्या हवेत पाटीभोवतीची जमीन ओली ठेवा. चारा-पाणी कोंबडीच्या तोंडाजवळ सरकवा.

*एकविसावा दिवस :* पिले निघतील. ती कोंबडीखालीच वाळू द्या. पोटातील बलकावर पिले पहिला दिवस-दीड दिवस सहज काढतात, म्हणून खाण्याची घाई नको. तेविसाव्या दिवसापर्यंत न निघालेली अंडी काढून, बाहेर नेऊन फोडून पाहा आणि पुरून टाका. पुढच्या वेळी काय बदलायचे, ते तीच सांगतील.

काही घरांत विजेच्या कडकडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून पाटीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात. त्याने नुकसान नाही. पण वळिवाच्या दिवसांत अंडी जातात ती आधीच्या उष्णतेने, हे लक्षात ठेवा. शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात कोंबडी बसवा.

पिले निघाल्यावर

पहिले 10 ते 15 दिवस कोंबडी-पिले डालग्याखाली ठेवा. मोकळी सोडल्यास घार, कावळा, मांजर आणि मुंगूस तुमच्या 21 दिवसांचा हिशेब दोन दिवसांत मिटवतात. पाणी उथळ ताटलीत द्या आणि त्यात खडे टाका, म्हणजे पिले बुडणार नाहीत. तांदळाची कणी किंवा ज्वारीचा बारीक भरडा चालतो. पिलांचे तयार खाद्य मिळाले तर वाढ चांगली होते. वाळवी मिळाली तर अवश्य द्या.

मानमोडीची लस टाळू नका. 5 ते 7 दिवसांच्या वयात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात. पुढील लसींच्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. अडचण अशी, की लसीची एक कुपी शेकडो पिलांची असते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी कोणी ती फोडत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना

गटातील पाच-सहा महिलांना एकाच रात्री कोंबड्या बसवायला सांगा. सातव्या दिवशी वांझ अंडी काढल्यावर दोन कोंबड्यांची उरलेली अंडी एकीखाली करता येतात. दुसरी मोकळी होते आणि लवकर पुन्हा अंड्यावर येते. पिले एकाच दिवशी निघाली की एका कुपीत सगळ्यांची लस होते.

मावशींनी दिवाळीनंतर शेजारच्या दोघींबरोबर पुन्हा कोंबडी बसवली. कोंबडी तीच, अंडी 12, सगळी सहा दिवसांच्या आतली. सातव्या दिवशी दोन वांझ निघाली, ती काढली. उरलेल्या दहांतून नऊ पिले निघाली. नातवाला या वेळी एकच काम दिले होते : रोज बिनफुलीचे अंडे शोधून आणायचे.