क्लब गावाच्या नावाचा

टोकियोच्या पूर्वेला, प्रशांत महासागराच्या काठी काशिमा नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या एका रेल्वे स्टेशनचं नाव आहे ‘काशिमा सॉकर स्टेडियम’. एरवी या स्टेशनावर प्रवाशांची चढउतार होत नाही. सामना असला की मात्र गाड्या थांबतात आणि फलाट गडद लाल जर्सींनी भरून जातो. फुटबॉलसाठी जपानला निघालेल्याने टोकियो स्टेशनवरून सुटणारी बस पकडून आधी इथेच यावं. दोन तासांचा रस्ता आहे. जपानी फुटबॉल कसा उभा राहिला, ते या शहरात जितकं उघड दिसतं तितकं राजधानीत दिसत नाही.

१९९० च्या सुमारास काशिमाची ओळख होती पोलाद कारखान्याची. वस्ती जेमतेम पंचेचाळीस हजार. सुमितोमो मेटल कंपनीचा कामगारांचा संघ दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. देशात जे-लीग ही व्यावसायिक लीग सुरू होणार असं कळल्यावर या गावानेही अर्ज केला. लीगचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी त्यांना सरळ सांगितलं, तुमची निवड होणं ९९.९९९९ टक्के अशक्य आहे. पंधरा हजार माणसं बसतील असं, छत असलेलं, फक्त फुटबॉलचं स्टेडियम बांधलंत तरच बघू. नकार मऊ शब्दांत सांगण्याचाच तो प्रकार होता. पण गाव आणि प्रांत सरकार यांनी ते अक्षरशः घेतलं आणि स्टेडियम बांधून दाखवलं. कंपनीने तोवर ब्राझीलच्या झिकोला करारबद्ध केलं होतं. मे १९९३ मध्ये लीगमधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात, काशिमा अँटलर्स हे नाव घेतलेल्या या संघाने नागोयाला ५-० असं धुतलं. त्यातले तीन गोल चाळिशी ओलांडलेल्या झिकोचे! समोरच्या संघात इंग्लंडचा गॅरी लिनेकर होता. झिकोचा पुतळा आज स्टेडियमबाहेर उभा आहे.

जे-लीगने सुरुवातीलाच एक नियम घातला : क्लबच्या नावात कंपनीचं नाव चालणार नाही, गावाचं नाव हवं. जपानी बेसबॉलमध्ये संघ कंपन्यांच्या नावाने ओळखले जातात, त्यामुळे हा नियम अनेकांना खटकला. योमिउरी या बलाढ्य वृत्तपत्रसमूहाला आपलं नाव संघापुढे हवं होतं. त्यावरून समूहाचे प्रमुख त्सुनेओ वातानाबे आणि कावाबुची यांची जाहीर जुंपली. नियम टिकला. १९९३ मध्ये दहा क्लबांनी सुरू झालेल्या या लीगच्या तीन श्रेणींत आता साठ क्लब आहेत. मालक बदलतात, गाव बदलत नाही. अँटलर्सच घ्या : २०१९ मध्ये त्याची मालकी पोलाद कंपनीकडून मर्कारी या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे गेली, पण क्लब राहिला काशिमाचाच.

सामन्याच्या दिवशी भारतीय पाहुण्याला काही गोष्टी नव्या वाटतात. प्रवेशद्वाराशी काचेची बाटली किंवा कॅन आत नेऊ देत नाहीत. पेय कागदी पेल्यात ओतून मिळतं. जर्सीचे रंग सांभाळावे लागतात. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्या संघाचे कपडे घालून बसता येत नाही. तिकीट काढतानाच ‘होम’, ‘व्हिजिटर’ की मिश्र जागा हे बघून घ्यावं. लोक सामन्याआधी दोन-तीन तास येतात, कारण खाणं हा कार्यक्रमाचाच भाग. काशिमात त्यासाठी ‘मोत्सुनी’ प्रसिद्ध आहे : डुकराची आतडी, मुळा आणि कोन्न्याकू (कंदाची जेली) घालून शिजवलेला मिसोचा रस्सा. आपल्याकडे वजडी आवडीने खाणाऱ्याला त्याची चव परकी वाटणार नाही.

खरा आवाज गोलमागच्या स्टँडमध्ये असतो. ढोलाच्या ठेक्यावर तिथे नव्वद मिनिटं गाणी चालतात. संघ तीन गोलांनी मागे पडला तरी गाणं थांबत नाही. सामना संपल्यावर खेळाडू ओळीने येऊन प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार करतात आणि प्रेक्षक आपला कचरा उचलून निघतात. १९९८ च्या फ्रान्स विश्वचषकात जपानी प्रेक्षकांच्या ज्या सफाईचं जगाला कौतुक वाटलं, ती इथली नेहमीची रीत आहे.

टोकियो आणि योकोहामा यांच्या मधलं कावासाकी हे दुसरं ठिकाण. हे शहर संघ गमावण्यासाठी बदनाम होतं. तैयो आणि लोत्ते हे बेसबॉल संघ सोडून गेले. लीगचा पहिला विजेता व्हर्डी २००१ मध्ये टोकियोला गेला. मग फुजित्सूच्या कामगार संघातून आलेल्या कावासाकी फ्रोंताले या क्लबने लोकांचा विश्वास हळूहळू कमावला. खेळाडूंचे फोटो आणि फुटबॉलवरची उदाहरणं असलेली गणिताची सरावपुस्तिका क्लबने तयार केली आणि ती शहरातल्या प्राथमिक शाळांत वाटली. ती सोडवलेली मुलं पुढे क्लबच्या तोदोरोकी मैदानात आली. विजेतेपदं उशिरा आली, पण २०१७, २०१८, २०२० आणि २०२१ अशी चार आली.

योकोहामाचं निस्सान स्टेडियम चाहत्यांना ओळखीचं असतं. २००२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रोनाल्डोने जर्मनीविरुद्ध दोन गोल केले, ते इथे. सामना नसेल तेव्हा मार्गदर्शकाबरोबर ड्रेसिंग रूमपर्यंत जाता येतं. सुमारे बहात्तर हजार माणसांचं हे स्टेडियम खांबांवर उभं आहे, कारण खालची जमीन त्सुरुमी नदीचं पुराचं पाणी साठवण्यासाठी राखलेली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मोठ्या वादळाने भोवतालचा परिसर पाण्याखाली गेला, तरी दुसऱ्या दिवशी रग्बी विश्वचषकातला जपान-स्कॉटलंड सामना इथेच झाला. इथला क्लब म्हणजे योकोहामा एफ. मारिनोस. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१४ मध्ये त्यात हिस्सा घेतला. त्याच समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीतला मोठा हिस्सा विकत घेतला होता.

मारिनोसच्या नावातल्या ‘एफ’मागे एक कडू गोष्ट आहे. १९९८ पर्यंत याच शहरात फ्लूगेल्स नावाचा दुसरा क्लब होता. एका प्रायोजक कंपनीने हात काढून घेतला, दुसरीला एकटीने भार पेलवेना, आणि ऑक्टोबरमध्ये अचानक विलीनीकरण जाहीर झालं. खेळाडूंना आणि चाहत्यांना कुणी विचारलं नव्हतं. सह्यांच्या मोहिमा झाल्या, उपयोग झाला नाही. पण त्या घोषणेनंतर संघ एकदाही हरला नाही. १ जानेवारी १९९९ रोजी त्याने शिमिझूला २-१ ने हरवून सम्राट चषक जिंकला आणि तिथेच क्लबचा शेवट झाला. गावाचं नाव लावूनही तिजोरीची किल्ली कंपनीकडेच होती, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. चाहत्यांनी विलीन क्लबकडे पाठ फिरवली, वर्गणी काढली आणि योकोहामा एफसी हा स्वतःचा क्लब काढला. तो २००७ मध्ये पहिल्या श्रेणीत पोचला. मारिनोस आणि योकोहामा एफसी यांच्या सामन्याला म्हणूनच साध्या स्थानिक चुरशीपेक्षा जास्त धार असते.

जपानी प्रेक्षक नेहमीच शिस्तीचे असतात, असंही समजू नये. उरावा रेड्सचे चाहते देशात सर्वांत जास्त आवाजाचे. सायतामा स्टेडियमभर त्यांनी उभी केलेली रंगचित्रं बघण्यासारखी असतात. मार्च २०१४ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी ‘फक्त जपानी’ अशा अर्थाचा फलक स्टँडच्या दाराशी लावला. लीगने क्लबला पुढचा घरचा सामना रिकाम्या स्टेडियमात खेळायला लावला. जे-लीगमध्ये असं प्रथमच घडलं. २०२३ मध्ये नागोयातल्या सम्राट चषकाच्या सामन्यानंतर उरावाच्या चाहत्यांनी धुडगूस घातला, तेव्हा क्लबला पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत प्रवेशच नाकारला गेला.

खरेदीसाठी बहुतेक जण टोकियोच्या शिबुया-हाराजुकू भागातलं ‘सॉकर शॉप कामो’ गाठतात. युरोपातल्या क्लबांच्या जर्सी, बूट आणि जपानी संघाचा निळा शर्ट तिथे एका छताखाली मिळतो. खरी गंमत मात्र क्लबांच्या स्वतःच्या दुकानांत. गळ्यात घालायचे टॉवेल, प्रत्येक खेळाडूच्या किल्लीसाखळ्या, मॅस्कॉटच्या बाहुल्या, स्थानिक मिठाईचे खोके... जर्सी ही त्यातली फक्त सर्वांत महाग वस्तू.

कॉमिक्सच्या चाहत्यांनी पूर्व टोकियोतल्या कात्सुशिका वॉर्डात जावं. ‘कॅप्टन त्सुबासा’ या १९८१ मध्ये सुरू झालेल्या चित्रकथेचे निर्माते योइची ताकाहाशी इथले. योत्सुगी स्टेशन या पात्रांच्या चित्रांनी सजवलेलं आहे आणि आसपासच्या रस्त्यांवर, बागांमध्ये त्यांचे पुतळे आहेत. या कथेवरची कार्टून मालिका लहानपणी बघितल्याचं फर्नांडो टोरेस आणि आंद्रेस इनिएस्ता दोघांनीही सांगितलं आहे. ताकाहाशी आता कात्सुशिकातच नानकात्सु एससी हा खराखुरा क्लब चालवतात. कथेतल्या संघाचंच नाव त्यांनी क्लबला दिलं आहे.

वेळ असेल तर शिंकानसेन या बुलेट ट्रेनने पश्चिमेकडे जावं, कारण नवी स्टेडियम तिकडे आहेत. ओसाकाजवळच्या सुइता इथलं गांबा ओसाका क्लबचं मैदान २०१६ मध्ये खुलं झालं. कंपन्या आणि सामान्य चाहते यांच्या देणग्या आणि अनुदानं यांतून सुमारे चौदा अब्ज येन जमा झाले आणि बांधून झाल्यावर स्टेडियम शहराच्या हवाली केलं गेलं. हिरोशिमाचं ‘पीस विंग’ २०२४ चं. जुनं मैदान टेकड्यांमध्ये, गावाबाहेर होतं; नवं शहराच्या मधोमध आहे आणि अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या घुमटापासून तिथे चालत जाता येतं. त्याच वर्षी नागासाकीत जहाजबांधणीशी जोडलेल्या कारखान्याच्या जागी वीस हजार आसनांचं स्टेडियम उभं राहिलं. त्याला लागून हॉटेल आहे आणि काही खोल्यांच्या खिडकीतून थेट मैदान दिसतं.

जाण्यापूर्वी वेळापत्रक मात्र बघून घ्यावं. लीगचा हंगाम अनेक वर्षं फेब्रुवारी-मार्च ते डिसेंबर असा चालत आला. युरोपच्या वेळापत्रकाशी जुळवण्यासाठी २०२६ पासून तो ऑगस्टमध्ये सुरू करून पुढच्या वसंतापर्यंत नेण्याचं ठरलं. बर्फाच्या प्रदेशातल्या नीगाता आणि सापोरोसारख्या क्लबांची अडचण ओळखून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुट्टी ठेवली आहे. म्हणजे नाताळच्या सुट्टीत जपानला गेलेल्या चाहत्याला लीगचा सामना मिळणार नाही. एप्रिलमध्ये साकुरा (चेरीचा बहर) बघायला गेलेल्याला मात्र दोन्ही साधता येईल.