पिल्लं वाचवा, मांजरही वाचवा : परसातल्या कोंबड्यांचा साधा हिशेब



गेल्या पावसाळ्यात सुनगावकडच्या एक ताई माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आल्या. काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, उंदराचं औषध द्या न, जरा जालीम. उंदरासाठी नाई, मांजरीसाठी पायजे. माये बारा पिल्लं खाल्ले तिनं."

मी औषध दिलं नाही. ताईंचा राग मला पूर्ण समजत होता, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जागी मीच होतो.

मी तेव्हा दुकानामागच्या परसात वनराजाची ३० पिल्लं आणली होती. तीन आठवड्यांत ९ गेली. एका पहाटे मांजर तोंडात पिल्लू धरून भिंतीवरून जाताना दिसलं. कुणीतरी सांगितलं, पोत्यात भर अन् पूर्णेपलीकडे सोडून ये. मी तसंच केलं आणि गाडीवरून परत येताना स्वतःवर खूश होतो. विष तर घातलं नाही ना!

दुसऱ्या दिवशी रात्री गोडाऊनच्या माळ्यावरून बारीक आवाज आला. वर चढून बघतो तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर मांजरीची चार पिल्लं. डोळेही उघडले नव्हते. दोन थंड पडली होती. तिसरं सकाळपर्यंत गेलं. एक जगलं. ती मांजर माझी पिल्लं कुणासाठी नेत होती, हे मला तेव्हा कळलं.

आणि नुकसान थांबलं का? नाही. महिनाभरात एक दांडगा बोका त्याच जागेत आला आणि आणखी ४ पिल्लं घेऊन गेला. जागा मोकळी झाली, उंदीर होतेच, दाराखालची फट होतीच. एक मांजर गेलं की दुसरं येतं, ते यामुळेच. दुकानात गळती असेल तर आपण गिऱ्हाईक बदलत नाही, गळती शोधतो. इथेही तेच करायचं.

आधी चोर ओळखा

प्रत्येक वेळी मांजरच दोषी असतं असं नाही. पिल्लू अख्खं गायब आणि थोडी पिसं पडलेली, तर बहुतेक वेळा मांजर. एकाच रात्री तीन-चार पक्षी मारलेले, मानेला किंवा डोक्याला चावे, अंडी फोडलेली, तर मुंगसाचा संशय घ्या. पिल्लू फटीतून ओढलेलं, पाय कुरतडलेले, जवळ बीळ, तर उंदीर-घूस. दिवसाढवळ्या गेलं, तर वर आभाळाकडे बघा, घार किंवा शिकरा असेल. मोठी कोंबडी सहसा मांजराच्या वाट्याला जात नाही. खरा धोका पहिल्या सहा-आठ आठवड्यांचा.

आपलं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, म्हणून एक गोष्ट खास लक्षात ठेवा. भिंगारा, जामोद या बाजूला दिसणारं लांब पायांचं, आखूड शेपटीचं मांजर हे रानमांजर असू शकतं. रानमांजर आणि मुंगूस दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. त्यांना हात लावायचा नाही, वनविभागाला कळवायचं.

विष का नाही?

पहिलं कारण धंद्याचं. तुमच्या कोंबड्या दिवसभर उकरत फिरतात. मांजरासाठी ठेवलेलं विष आधी त्याच टिपतील. विष खाऊन मेलेला उंदीर पाळीव कुत्र्याने खाल्ला, तर तोही जाईल. घरात रांगतं मूल असेल, तर पुढचं मी लिहीत नाही.

दुसरं कारण कायद्याचं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालणं किंवा मारणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते.

तिसरं कारण तुम्ही माळ्यावर चढाल तेव्हा कळेल. ते कळायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

आता हिशेब मांडू

वही काढा. समजा, तयार कोंबडी ४०० रुपयांना जाते. १० पिल्लं गेली म्हणजे ४,००० ची विक्री गेली. त्यांच्या पुढच्या खाद्याचे समजा १,२०० वाचले, ते वजा करा. निव्वळ तोटा २,८००. तोही एका बॅचचा. आता समजा जाळी, लाकूड, कडी-कोयंडा धरून पक्कं खुराडं ३,५०० ला पडलं आणि सहा वर्षं टिकलं. वर्षाचा खर्च ६०० च्या आत, म्हणजे दीड कोंबडी! आकडे तुमच्या गावच्या भावाने बदला, पण हिशेब नक्की करा.

जाळी विकणारा माणूस जाळी घ्या म्हणणारच, असं तुम्हाला वाटेल. बरोबर आहे. म्हणून सांगतो, नवीन घ्यायलाच पाहिजे असं नाही. जुन्या खिडकीची मजबूत जाळी, मोडक्या पलंगाची फ्रेम, सगळं चालतं. फक्त या पाच गोष्टी बघा :

१. षटकोनी बारीक तारेची कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण चोराला बाहेर ठेवायला ती पुरत नाही. मांजराचा पंजा आत जातो, घूस तार वाकवते. पिल्लांसाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश वापरा, निदान खालचे दोन फूट तरी.

२. वरून झाकलंच पाहिजे. मांजर भिंत चढतं, पत्र्यावरून उतरतं.

३. बुडाशी जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर वाकवून मातीखाली दाबा. उकरणारा तिथेच अडकतो.

४. दाराला सुतळी नको, कडी लावा. दाराखाली दोन बोटांची फटही ठेवू नका.

५. दिवस मावळायच्या आधी पक्षी आत. मांजर जास्त करून संध्याकाळी आणि पहाटे शिकारीला निघतं. दिवसा लहान पिल्लांवर आपलं जुनं डालगं झाका. आपल्या आज्या हेच करत होत्या आणि त्यांचं बरोबर होतं.

सोबत साफसफाई ठेवा. सांडलेलं खाद्य रोज झाडा, गोणी झाकणाच्या डब्यात ठेवा. खाद्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर. मेलेलं पिल्लू किंवा कापलेल्या कोंबडीची आतडी उकिरड्यावर टाकू नका, खोल खड्डा करून पुरा आणि वर चुना टाका.

मग मांजरीचं काय करायचं?

ती राहू दे, पण तिची संख्या वाढू देऊ नका. मांजर पाच-सहा महिन्यांत वयात येऊ शकतं, दोन महिन्यांत वितं आणि वर्षातून दोन-तीनदा विऊ शकतं. एक मांजर सोडून दिलं तर वर्षभरात घोळका होतो. यावर टिकणारा उपाय एकच : पकडा, नसबंदी करा, परत त्याच जागी सोडा. मुंबई महापालिकाही भटक्या मांजरांसाठी हीच पद्धत वापरते. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही.

आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे मांजराच्या ऑपरेशनची सोय नसेल, तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत चौकशी करा. तारीख ठरल्यावरच पिंजरा लावा. पिंजऱ्यात अडकलं की वर जाड कापड टाका, अंधारात ते शांत होतं. मादी दूध पाजणारी दिसली, तर थांबा आणि पिल्लं शोधा. माझी चूक तुम्ही करू नका. खर्च जास्त वाटत असेल, तर बचत गटातल्या पाच जणींनी मिळून एक पिंजरा घ्या आणि एकाच फेरीत दोन-तीन मांजरं न्या.

उघड्या हाताने भटकं मांजर धरू नका. चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जा. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये, टोक्सोप्लाझ्मोसिसचा धोका असतो.

कोंबडीपालनाची बाकी माहिती, लसीकरण, जातींची निवड यासाठी आपल्याच गावात कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे जाऊन विचारायला लाजू नका.

त्या ताईंना मी त्या दिवशी जाळीचा तुकडा उधार दिला आणि कागदावर खुराड्याचं चित्र काढून दिलं. दिवाळीआधी पैसे द्यायला आल्या. म्हणाल्या, "मांजर अजून येते भाऊ. जाळीपाशी बसते, पायते अन् जाते."

माळ्यावरचं जगलेलं पिल्लू आता मोठं झालंय. ऑपरेशन झालंय, कानाचं टोक कापलेलं आहे. दिवसभर सिमेंटच्या गोण्यांवर झोपतं, रात्री उंदीर धरतं. त्याच परसात आज ४० कोंबड्या आहेत.

आज संध्याकाळी एकच काम करा. अंधार पडल्यावर खुराड्याच्या आत टॉर्च लावा आणि बाहेर उभे राहा. जिथून उजेड येतो, ती प्रत्येक फट मोजा. उद्या सकाळी पहिली फट बुजवा.