बंद पडलेले टॉकीज लोकांनी कसे उघडले

गटांच्या बैठकांना गावोगाव जाताना आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते. समाजमंदिर आहे, पण त्याला कुलूप आहे. आत कुणाच्या तरी सिमेंटच्या गोण्या, आणि गटाची बैठक भरते कुणाच्या तरी पडवीत. सगळ्यांच्या मालकीची इमारत सगळ्यांच्या वापरात कशी येते, हे सांगायला आज आम्ही लांबचे उदाहरण घेतले आहे, अमेरिकेतल्या जर्सी सिटीचे. न्यूयॉर्कच्या समोर, नदीपलीकडे हे शहर आहे. आपल्या देशातून गेलेली पुष्कळ माणसे तिथे राहतात. तिथल्या एका रस्त्यावर किराणा, साड्या, मिठाई सगळे मिळते.

त्याच वस्तीजवळ १९२९ च्या सप्टेंबरात ‘लोएज जर्सी’ नावाचे टॉकीज उघडले. टॉकीज कसले, राजवाडाच! सुमारे तीन हजार माणसे बसतील एवढे, आत झुंबरे, नक्षी, सोनेरी रंग. दर्शनी भागावर एक घड्याळ आहे. त्यावर घोडेस्वार संत जॉर्ज आणि राक्षसी सर्प. घड्याळाचे टोल पडले की स्वार सर्पावर चाल करून जातो. मोलमजुरी करणाऱ्यांनाही तिकीट काढून तासभर वाड्यात बसता यावे, असाच तेव्हाच्या टॉकीजवाल्यांचा हिशेब होता.

पुढे घरोघरी टीव्ही आला, गर्दी ओसरली. १९७४ मध्ये मोठ्या सभागृहात आडभिंती घालून तीन छोटे पडदे केले. १९८६ मध्ये तेही बंद. जागा मोक्याची, म्हणून इमारत पाडून तिथे कचेऱ्या बांधायचे ठरत होते. तेव्हा शहरातली माणसे उठली. सह्या गोळा केल्या, नगरपालिकेच्या सुनावण्यांना पुन्हा पुन्हा जाऊन बसली. एकदा बोलून घरी परतली असती तर आज तिथे टॉकीज नसते, असे आम्हाला वाटते. शेवटी १९९३ मध्ये शहराने ती इमारत ३,२५,००० डॉलरला विकत घेतली.

पण विकत घेतली म्हणजे उघडली असे नाही. गळके छप्पर, बंद पडलेली यंत्रे, धूळ. ‘फ्रेंड्स ऑफ द लोएज’ ही लोकांची संस्था कामाला लागली. सुट्टीच्या दिवशी माणसे यायची आणि बिनपगारी राबायची. त्या आडभिंती काढल्या, खुर्च्या दुरुस्त केल्या, दिवे लावले, रंगमंच चालता केला. आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात. फरक एवढाच की आपले श्रमदान बहुधा फोटोपुरते एक दिवस चालते, त्यांचे वर्षानुवर्षे चालले. सगळी इमारत नवी होईपर्यंत ती थांबली नाहीत. जेवढे नीट झाले तेवढ्यात जुने सिनेमे, गाण्याचे कार्यक्रम सुरू केले. लग्नालाही जागा भाड्याने दिली. त्यातून चार पैसे आले आणि लोकांचे येणे-जाणेही राहिले.

आता खरी अडचण. इमारत उभी राहिली की तिच्यावर सगळ्यांचा डोळा जातो. ती कोणी चालवायची यावरून शहर आणि संस्था यांच्यात वाद झाला, प्रकरण कोर्टात गेले. तिथे संस्थेच्या हातात घामाचा दाखला नव्हता, लेखी भाडेकरार होता. पुढे २०२१ मध्ये शहराने मोठ्या दुरुस्तीसाठी एका व्यावसायिक कंपनीशी करार जाहीर केला. खर्च कोट्यवधी डॉलरचा. एवढे पैसे श्रमदानातून उभे राहत नाहीत, हेही मान्य करायला हवे. पण त्या व्यवस्थेतही स्थानिक संस्थेच्या कार्यक्रमांना जागा ठेवली गेली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे समाजमंदिराचा विषय काढा. चावी कोणाकडे, भाडे किती, झाडलोट कोण करणार, आणि आठवड्यातला कोणता वार महिलांच्या गटांचा, हे विचारा. नुसते “बघू” ऐकून उठू नका. पुढच्या ग्रामसभेत वारासकट ठराव लिहून घ्या आणि त्याची नक्कल गटाच्या फाइलला लावा. भिंतींना चुना लावायचे काम त्यानंतर काढले तरी चालेल.