कोका-कोलाची फेररचना आणि फेयॉलचे दोन नियम

व्यवस्थापनाचे जुने सिद्धांत परीक्षेपुरते पाठ करायचे असतात, हा समज बारावी वाणिज्यपासून एमबीएपर्यंत पक्का होत जातो. फेयॉलची चौदा तत्त्वे, टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापन, उदाहरणासह स्पष्ट करा. पण एखाद्या खऱ्या कंपनीची फेररचना समोर ठेवली, की हे सिद्धांत एकमेकांशी भांडू लागतात आणि तिथूनच ते उपयोगी पडू लागतात. कोका-कोलाने २०२० मध्ये केलेली फेररचना त्यासाठी चांगली आहे.

आधी घटना

कोका-कोला कंपनी मुख्यतः पेयांचा अर्क बनवते. त्यापासून पेय तयार करून, बाटल्या भरून दुकानापर्यंत पोचवण्याचे काम बहुतांशी स्वतंत्र बॉटलर करतात. त्यामुळे अटलांटातल्या मूळ कंपनीचे लक्ष असते ब्रँड, जाहिरात आणि नव्या पेयांवर. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिने जाहीर केले, की जगभरातल्या १७ व्यवसाय विभागांच्या जागी आता ९ कार्यकारी विभाग असतील. ‘भारत आणि नैऋत्य आशिया’ हा त्यातला एक. त्यांच्या जोडीला पेयांच्या प्रकारांनुसार पाच जागतिक प्रमुख नेमले गेले. शिवाय माहितीचे विश्लेषण, डिजिटल विक्री अशा सर्वांना लागणाऱ्या कामांसाठी ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ नावाची सामाईक यंत्रणा उभी राहिली. सुमारे ४०० ब्रँडचा पसारा निम्म्यावर आणायचे ठरले. ‘टॅब’, ‘झिको’, ‘ओडवाला’ ही नावे बंद झाली. डिसेंबरमध्ये जगभरात २,२०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली.

रचना उशिरा का बदलते?

इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ मध्ये ड्यूपाँ, जनरल मोटर्स, स्टँडर्ड ऑइल आणि सीअर्स या चार कंपन्यांचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा: आधी धोरण बदलते, रचना मागाहून बदलते, आणि बरेचदा अडचण अंगावर आल्याशिवाय बदलत नाही. कोका-कोलाचे तसेच झाले. फक्त कोल्यावर विसंबून न राहता सर्व प्रकारची पेये विकायची, हे धोरण जेम्स क्विन्सी २०१७ मध्ये प्रमुख झाले तेव्हापासून उघड होते. २०१९ च्या सुरुवातीला ‘कोस्टा’ ही कॉफी साखळीही ताब्यात आली होती. मात्र कारभाराची चौकट देशा-प्रदेशांवर आधारलेली जुनीच राहिली. मग कोविड आला. हॉटेले, चित्रपटगृहे, मैदाने बंद पडली आणि घराबाहेरच्या विक्रीवर मोठी भिस्त असलेल्या या कंपनीचे एप्रिल ते जून २०२० चे उत्पन्न आदल्या वर्षाच्या तुलनेत २८ टक्क्यांनी घसरले. फेररचनेला मुहूर्त मिळाला.

टेलर आणि फेयॉल

सामाईक यंत्रणेचे मूळ टेलरपाशी सापडते. १९११ च्या पुस्तकात त्याने सांगितले, की आखणीचे काम प्रत्यक्ष कामापासून वेगळे काढा आणि ते तज्ज्ञांच्या हाती द्या. त्याच्या कारखान्यात एका कामगारावर आठ मुकादम असत. चार आखणीच्या खोलीतले, चार प्रत्यक्ष कामावरचे, आणि प्रत्येकाचे अधिकार आपापल्या विषयापुरते. एकच काम सतरा ठिकाणी सतरा पद्धतींनी करण्यापेक्षा ते एकदाच, जाणकारांकडून करून घ्यावे, हा प्लॅटफॉर्म सर्व्हिसेसमागचा विचार याच वळणाचा आहे.

आँरी फेयॉलला नेमके हे खटकले. फ्रान्समधली कोळसा आणि लोखंडाची मोठी कंपनी तीस वर्षे चालवलेला हा माणूस. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात टेलरच्या आठ मुकादमांवर स्पष्ट टीका आहे. एका माणसाला एकच वरिष्ठ हवा, हा त्याचा आदेशाच्या एकवाक्यतेचा नियम. दोघांचे हुकूम आले, की शिस्त ढिली पडते आणि जबाबदारी कोणाची हे कळेनासे होते.

पण फेयॉलचा आणखी एक नियम आहे, दिशेच्या एकवाक्यतेचा. एका उद्दिष्टासाठी चाललेल्या सर्व कामांना एक प्रमुख आणि एक आराखडा असावा. विद्यार्थी या दोन नियमांची हमखास गल्लत करतात. पहिला माणसाविषयी आहे, दुसरा कामाविषयी. दुसऱ्याशिवाय पहिला टिकत नाही, पण दुसरा पाळला म्हणून पहिला आपोआप पाळला जात नाही, हे फेयॉलनेच बजावले आहे.

कोका-कोलाची गोम इथे आहे. पाच जागतिक प्रमुख नेमल्याने प्रत्येक पेयप्रकाराला एक दिशा मिळाली. कोणता ब्रँड वाढवायचा आणि कोणता बंद करायचा, हे प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे ठरवायचे राहिले नाही. मात्र भारतात ज्यूसचा ब्रँड सांभाळणाऱ्याला आता विभागप्रमुखाचेही ऐकायचे आणि ज्यूस ज्यांच्याकडे आहे त्या जागतिक प्रमुखांचेही. दिशा एक झाली, तिची किंमत आदेशाने मोजली.

लंबक कुठे थांबवायचा?

या कंपनीत हा पेच नवा नव्हता. २००० मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डग्लस डॅफ्ट यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली होती. अटलांटाचा वरचष्मा कमी करून स्थानिक अधिकाऱ्यांना मोकळीक द्यायची, असे ठरले आणि सुमारे ६,००० नोकऱ्या गेल्या. पुढे केंद्राची पकड पुन्हा काही प्रमाणात घट्ट करावी लागली. फेयॉलने केंद्रीकरणाला चांगले किंवा वाईट म्हटलेच नाही. प्रश्न प्रमाणाचा असतो, आणि ते प्रमाण परिस्थितीनुसार बदलते, असे तो म्हणतो.

माणसांचे काय?

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये बदलाचे तीन टप्पे सांगितले: जुनी घडी सैल करणे, बदल करणे, नवी घडी पक्की करणे. पहिला टप्पा कोविडने उरकला. कपातीपूर्वी अमेरिका, कॅनडा आणि प्युर्टो रिकोतल्या सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांपुढे भरपाई घेऊन स्वेच्छेने जाण्याचा पर्याय ठेवला गेला. विरोध कमी व्हावा यासाठी हा मार्ग शहाणपणाचा होता. तिसरा टप्पा सर्वांत अवघड, कारण दोन वरिष्ठांचे मतभेद झाले तर शेवटचा शब्द कोणाचा, हे आराखड्याच्या चित्रात दिसत नाही. ते रोजच्या सवयीतून ठरते.

२०२० मध्ये ३३ अब्ज डॉलरवर आलेले उत्पन्न २०२१ मध्ये ३८.७ अब्जांवर गेले. याचे श्रेय फेररचनेला देण्याचा मोह आवरायला हवा. त्याच काळात हॉटेले आणि मैदानेही पुन्हा उघडली होती.

म्हणून अशी केस अभ्यासताना ‘कंपनीने फेयॉलची तत्त्वे पाळली’ एवढे लिहून थांबू नका. कोणते तत्त्व मिळवण्यासाठी कोणते सोडले ते शोधा, आणि सोडलेल्याची भरपाई कंपनीने कशी केली ते विचारा. स्वतःच्या कचेरीत फेररचनेचे परिपत्रक आले, तरी हाच प्रश्न आधी विचारावा.